जन्माचं गाव

गळ्यावर वस्तरा असताना हलू नये, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मी हललो. निजामचा हात चटकन मागे गेला, पण हनुवटीखाली झोंबलंच आणि फेसात तांबडी रेघ उतरली. "काय देवीडॉक्टर, रोज लोकांची पोरं टोचता आणि एवढ्याशाला दचकता?" असं म्हणत तो तुरटीचा खडा शोधू लागला. मी कशाला दचकलो ते त्याला कळलं नव्हतं, आणि कळावं अशी माझी इच्छाही नव्हती. बाकावर नंबर धरून बसलेला वखारीतला एक जाडजूड माणूस माझ्या डोक्यावरून त्याच्याशी बोलत होता. "त्या उंबरवाडीच्या हौशीरामाच्या धाकटीची सुपारी मोडली की. वैशाखात लगीन व्हतं. पोराकडचं म्हनलं, त्या गावच्या हिरीचं पानीच वंगाळ, बाळ पोटातच मोडतंय. सरकारनं नकाशात टाचण्या टोचल्यात म्हनं." निजाम म्हणाला, "तौबा! मग तिथली पोरगी करणार कोण?" जाडा म्हणाला, "आता कोन करतंय!" दोघंही हसले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. बाळ पोटातच मोडतंय. हे वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वी मी ते हौशीरामाच्या अंगणात उभा राहून त्याच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि नंतर तेच जरा शुद्ध करून तुंगार्लीच्या बंगल्यात डॉक्टर सबनिसांना ऐकवलं होतं. आता ते गावोगाव फिरून, एका अनोळखी माणसाच्या तोंडातल्या तंबाखूचा वास घेऊन माझ्याकडे परत आलं होतं. हौशीराम माझा सासरा. धाकटी म्हणजे नंदा, माझी मेहुणी. ती मला दाजी म्हणायची.

मी त्यांचा जावई, एवढे तीन शब्द तोंडात आले होते ते गिळले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. बाहेर चैत्राचं ऊन होतं. स्टेशनावरून मुंबईची मंडळी टांग्यांत वळकट्या लादून बंगल्यांकडे निघाली होती. हवा चांगली म्हणून येतात. छातीवर हात ठेवून मोठमोठे श्वास घेतात. मला त्यांचा नेहमीच राग येतो, पण त्या दिवशी टांग्याच्या घोड्याचासुद्धा आला. मी देवी टोचणारा. सरकारी नाव व्हॅक्सिनेटर, पण मावळात देवीडॉक्टर म्हणतात, आणि डॉक्टर म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात हसतात. लोणावळ्यात राहायचं आणि वाड्या-वस्त्या पालथ्या घालायच्या. प्रत्येक गावात पाटलाची जन्म-मृत्यूची वही असते. ती आधी पाहायची, कुठलं पोर टोचायचं राहिलं ते काढायचं आणि मग दारोदार जायचं. कोण जन्मलं आणि कोण गेलं हे आईबापांच्या खालोखाल मला ठाऊक असतं. बायका मला पाहून पोरं कणगीमागे लपवतात, आणि मी कणगीमागेच आधी बघतो. चौदा वर्षांत मला कुणी हसून दारात घेतलेलं नाही. मीही कुणाच्या दारात हसून गेलेलो नाही. एखाद्या म्हातारीनं शिव्या दिल्या तर मला बरंच वाटायचं, निदान ती समोर तरी बोलायची. त्यामुळेच असेल, डॉक्टर सबनिसांनी जेव्हा मला समोर खुर्ची दिली आणि "महिपतराव, तुमच्याइतकी माहिती इथे कुणाकडे नाही," असं म्हटलं, तेव्हा मी पाघळलो.

डॉक्टर सबनीस मुलकी सर्जन म्हणून निवृत्त झाले आणि तुंगार्लीला बंगला बांधून राहिले. लोक फुलं लावतात, कुत्री पाळतात, ते पाच वर्षांपूर्वी नकाशा लावून बसले. मावळचा मोठा नकाशा, दिवाणखान्याच्या एका भिंतीवर. काही मुलं पाठीचा कणा उघडा घेऊन जन्मतात, काहींची टाळूच झालेली नसते, काहींचा ओठ फाटलेला असतो. ती का, हे त्यांना शोधायचं होतं. ग्रहणात विळी हातात धरली, देवाचा कोप झाला, असलं काही त्यांना चालत नसे. कारण असलंच पाहिजे, आणि पुरेशी माणसं मोजली तर ते नकाशावर आपण होऊन दिसलंच पाहिजे, असं ते म्हणत. त्यांच्या सांगण्यावरून मी पाटलांच्या पाच वर्षांच्या वह्या चाळल्या, सुइणींना खोदून खोदून विचारलं, आणि बारशाआधीच पुरलेली, वहीत न चढलेली मुलंही उकरून काढली. उकरून म्हणजे शब्दांनी. पण त्या बायांची तोंडं पाहिली असती तर कुणाला फावड्यानंच वाटलं असतं. एकूण एकोणीस झाली. डॉक्टरांनी एकोणीस लाल टाचण्या लावल्या. आठ सगळ्या मावळात विखुरलेल्या, आणि अकरा एकट्या उंबरवाडीत. जेमतेम पन्नास उंबऱ्यांची वाडी, एक विहीर, आणि अकरा टाचण्या. जागा पुरेना म्हणून एकीला एक खेटून लावल्या होत्या. डॉक्टर त्या भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहिले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. दुःखानं नव्हे. आयुष्यभर जे शोधत होते ते सापडल्याच्या आनंदानं.

त्या अकरातली चौथी टाचणी माझ्या मुलाची होती. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. पाटलाच्या वहीत 'हौशीरामाची लेक मुक्ता हिला मुलगा' असं होतं, आणि मी तेवढंच उतरवून दिलं होतं. माहेरी बाळंत झालेल्या सगळ्याच बायांची नोंद पाटील तशी करतो. अमक्याची लेक. तिचं लग्न कुठं झालं, ती आली कुठून, हे त्या वहीत नसतं, कारण गावाला ते विचारायचं कारणच नसतं, लेक म्हणजे गावचीच. मुक्ता माझ्याबरोबर स्टेशनमागच्या खोलीत सव्वा वर्ष राहिली. सातव्या महिन्यात मीच तिला गाडीत घालून उंबरवाडीला पोचवली. चोळखण घेतला, नारळ घेतला. हौशीराम तेव्हा वेशीपर्यंत सामोरा आला होता. मला सासुरवाडीचं कौतुक कधीच नव्हतं, पण अंबूबाई उंबरवाडीत होती, आणि मूल आडवं असलं तरी वरून हात फिरवून सरळ करणारी तिच्यासारखी सुईण मावळात दुसरी नाही, हे चौदा वर्षं बाळंतिणींच्या दारात हिंडणाऱ्या मला ठाऊक असायचंच. मूल झाल्याचा निरोप आला तेव्हा मी हातातला डबा टाकून चालत सुटलो. निरोप आणणाऱ्यानं मुलगा एवढंच सांगितलं होतं, पुढचं तो बोलला नव्हता. पोर गोरं होतं. डोळे टपोरे होते. पाठीवर कमरेच्या वर पातळ कातडीचा एक फुगा होता, आणि आत काहीतरी हलायचं. पाय हलत नव्हते. नऊ दिवस जगलं. बारसं बाराव्या दिवशी असतं, त्याला तीन दिवस राहिले होते. नवव्या दिवशी दुपारी मी अंगणात उभा होतो, आत बायका रडत होत्या, आणि मला ते रडणं सहन होईना. ते रडणं मला जाब विचारतंय असं वाटायला लागलं. हौशीराम माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला तेव्हा मी त्याचा हात झटकला आणि म्हणालो, "तुमच्या विहिरीचं पाणीच वाईट आहे, मामा. तुमच्या गावात बाळ पोटातच मोडतंय." सगळी वाडी ऐकत होती. मला ऐकवायचंच होतं. मुक्ता आत खाटेवर होती, तिनंही ऐकलं. त्यानंतर मी तिला आणायला गेलो नाही, आणि तिनं निरोप धाडला नाही.

म्हणून जेव्हा अकरावी टाचणी लागली आणि डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "या सगळ्या बाया इथल्याच ना? हे पक्कं हवं," तेव्हा मी होय म्हणालो. होय साहेब, इथल्याच. विचार करायला मला एक श्वाससुद्धा लागला नाही. पुढे कित्येकदा मी स्वतःला सांगितलं की प्रश्न नीट कळला नव्हता. कळला होता. त्या अकरा लाल टाचण्यांत मला माझ्या मुलाला दहा जणांची सोबत मिळाली होती, आणि गुन्हेगार म्हणून एक विहीर सापडली होती. विहिरीला काय होतंय, असं मला वाटलं. डॉक्टरांनी उंबरवाडीच्या पाटलाला चिठ्ठी धाडली, त्यानं विहिरीवर काट्या टाकून ती बंद केली. त्यावरही मला वाटलं, भोगा.

आणि आज नंदाची सुपारी मोडली होती. तिचं लग्न मोडेल असं मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तरी मी होय म्हणालो असतो का, हे मी बाजारातून चालताना स्वतःला विचारत होतो, आणि उत्तर येत होतं ते मला आवडत नव्हतं. पाय तुंगार्लीच्या वाटेला लागले होते. मी त्या बाया एकेक करून आठवायला लागलो. वहीतली नावं नव्हेत, बाया. दुसऱ्या टाचणीची शालू, तिचा नवरा तळेगावला हमाल. पाचवीची अमिना, उंबरवाडीच्या अब्दुलभाईंची लेक, दिली खंडाळ्याला रेल्वेच्या गँगमनला. मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती पाळणा सोडून ठेवत होती आणि तिची आई म्हणाली होती, "ही तर आठव्यात आली हो, अंबूबाईचा हात लागावा म्हणून." मी हे ऐकलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं आणि तिथंच सोडून आलो होतो. सातवीची तर माहेरवाशीणही नव्हती, उंबरवाडीत तिची मावससासू होती तेवढ्याच ओळखीवर आली होती, पोटातलं हालचाल करीना म्हणून. इतर गावांतल्या मुली पहिल्या खेपेला माहेरी जातात, उंबरवाडीच्या मुली तिसऱ्या-चौथ्या खेपेलासुद्धा येत. ज्यांना काही वावगं वाटे त्या तर हटकून येत. वर्षभर विहिरीचं पाणी पिणाऱ्या उंबरवाडीच्या सुना अकरांत दोनच होत्या. बाकीच्या नऊजणी सात-आठ महिने दुसरीकडचं पाणी पिऊन, दुसरीकडचं अन्न खाऊन, दुसरीकडचे ताप काढून पोटात जे घडायचं ते घडल्यावर तिथं पोचल्या होत्या. चांगल्या हाताकडे आल्या होत्या. मी प्रत्येकीला मूल कुठं जन्मलं हे विचारलं. तू कुठं होतीस, हे विचारलं नाही. आणि त्या चांगल्या हातामुळे आम्ही त्या गावाला डाग लावला. रस्त्याच्या कडेला मी थोडा वेळ बसलो. एका टांग्यातल्या बाईनं माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहून तोंड फिरवलं.

डॉक्टर व्हरांड्यात लिहीत बसले होते. पुण्याच्या आरोग्य खात्याकडे पाठवायच्या अहवालाचीच ती पानं होती. सुंदर अक्षर, खाडाखोड नाही. "साहेब, अहवाल गेला नाही ना?" असं मी विचारलं. "सोमवारी जातो. का?" मी म्हणालो, "उंबरवाडीच्या टाचण्या चुकल्यात." त्यांनी टाक खाली ठेवला. मी सांगत गेलो. माहेर, सुईण, सातवा महिना. सांगताना मला कळत होतं की हे इतकं साधं आहे की घरातल्या कुठल्याही बाईनं स्वयंपाक करता करता सांगितलं असतं. पण डॉक्टर विधुर होते आणि मी दोन वर्षं एकटा होतो, आमच्या दोघांच्या घरात सांगणारं कुणी नव्हतं. ते उठून आत गेले, नकाशासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "सांगा." मी नावं घेत गेलो, ते टाचण्या उपटून दुसरीकडे टोचत गेले. तळेगाव. खंडाळा. पवन मावळातली एक वाडी, मग आणखी एक. चौथ्या टाचणीला मी थांबलो. "ही लोणावळ्यात. स्टेशनच्या मागे," मी म्हणालो. "नक्की कुठे?" "माझ्या खोलीत, साहेब. ते माझं मूल." ते लगेच वळले नाहीत. टाचणी त्यांच्या बोटांत होती. "मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले. "होय." "तुम्ही होय म्हणालात." "होय, म्हणालो." "का?" मी म्हणालो, "कुणाच्या तरी माथी मारायचं होतं."

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी उभा राहू शकलो असतो. ते फक्त नकाशाकडे बघत राहिले. उंबरवाडीवर अकरा बारीक भोकं दिसत होती आणि त्यांतल्या दोनांतच टाचण्या होत्या. बाकीच्या मावळभर सांडल्या होत्या, कुठं एक, कुठं दोन, कुणाचा कुणाशी संबंध नाही. "म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "यातून काहीच दिसत नाही. मग कारण काय आहे?" मी म्हणालो, "माहीत नाही." "ते मला पाच वर्षांपूर्वीही म्हणता येत होतं!" ते एवढ्या जोरात ओरडले की आतून नोकर डोकावला. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो जास्त वाईट होता. "तुम्ही माझी पाच वर्षं वाया घालवलीत, महिपती." महिपतरावमधला राव गेला होता. त्यांनी टेबलाच्या खणातून कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे टाकला. "तोंडी मला काही नको. तोंडी तुम्ही त्या वेळीही सांगितलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत बाई कुठे राहत होती, पाणी कुठलं, आजार, औषध, औषध कोणी दिलं. खाली अंगठा. रविवारी संध्याकाळपर्यंत नऊ तक्ते आले पाहिजेत. एक जरी कमी असला तरी अहवाल लिहिलाय तसा जाईल, विहीर बुजवा या शिफारशीसकट." मी गठ्ठा उचलला. दारापर्यंत गेल्यावर ते पाठीमागून म्हणाले, "चार नंबरपासून सुरुवात करा. तिथं टाळाटाळ केलीत तर बाकीचे आठ बघायचीही माझी इच्छा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबरवाडीला गेलो. चैत्रातल्या जत्रेला त्या नऊपैकी बऱ्याचजणी तिथं माहेरी आलेल्या असणार, हे मला ठाऊक होतं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. मामा, चूक झाली. मुक्ता, चल. ती जुळत नव्हती, कारण प्रत्येकाच्या शेवटी मला माफी दिसत होती आणि मी ती मागायला निघालोय की घ्यायला, हेच मला समजत नव्हतं. खरं तर आत कुठंतरी मी खूश होतो. मी गावाला सोडवायला चाललो होतो. विहीर उघडेल, नंदाचं लग्न पुन्हा जुळेल, आणि हे सगळं माझ्यामुळे, असं काहीतरी. माणूस किती हलकट असू शकतो हे मला तेव्हा कळलं नाही. वेशीजवळ विहिरीच्या काठावर बोरीच्या काट्या तशाच होत्या. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात बायका खड्डा करून झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरत बसल्या होत्या. मला पाहिल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. एकीनं आपलं रांगतं पोर उचलून पदराखाली घेतलं. ते पोर टोचलेलं होतं, मीच टोचलं होतं, आज माझ्या हातात सुईची पेटीही नव्हती. मी तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "मंग आज काय मोजाया आलाय?"

हौशीराम ओट्यावर दावं वळत बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा दाव्याकडे पाहिलं. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानंच सांगितलं, नकाशा चुकला होता, मुली बाहेरून आलेल्या होत्या, तक्ते भरून दिले की विहीर उघडेल. मला वाटलं होतं तो चकित होईल. तो वळत राहिला. "ह्ये आमाला ठावं न्हवतं व्हय?" तो म्हणाला. "सातव्यात कोन आली, आठव्यात कोन आली, बारक्या पोरास्नीबी ठावं हाय. आमाला कुनी इचारलं? तुमी आलता, वही बगितली आन गेलता." दारात सासू येऊन उभी राहिली, झुंबरबाई. दोन वर्षांत ती वाकली होती. "पानी देऊ का?" तिनं विचारलं. "हिरीचंच हाय. काट्या सारून चोरून भरतो आमी." तिनं तांब्या पुढे केला. मी तो तोंडाला लावला आणि सगळा संपवला. थंड, गोड पाणी होतं. आतून नंदाचा आवाज आला, "काय झालं बिलं तर आमच्या नावावर नगा लिवू." दाजी म्हणाली नाही. कुणीही हसलं नाही. रिकामा तांब्या मी ओट्यावर ठेवला, तो कुणी उचललाही नाही.

"मुक्ताला बोलवा. तिचा तक्ता आधी भरायचाय," मी म्हणालो. ती आलीच. ती आतच उभी होती. हात कोंड्यानं पांढरे झाले होते, ते तिनं लुगड्याला पुसले आणि माझ्यासमोर, तीन हातांवर, जमिनीवर बसली. मी ओट्याच्या पायरीवर टेकलो. मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल. ती माझ्याकडे बघत होती, पण देवीडॉक्टरकडे बायका बघतात तशी, लवकर आटप आणि जा. मी आदल्या रात्रीपासून जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. तक्त्यावर जे छापलं होतं तेवढंच माझ्याकडे होतं. मी वाचू लागलो. नाव? "मुक्ता." वय? "बावीस." बाळंतपण कुठं झालं? "हितं." पहिल्या तीन महिन्यांत राहणं कुठं होतं? "लोनावळ्याला. ठेसनामागं. एका खोलीत." पाणी? "नळाचं. गल्लीत नळ व्हता." तिचा आवाज कुठंही अडखळत नव्हता. तिनं ही उत्तरं केव्हाच तयार करून ठेवली होती, आणि दोन वर्षं कुणी विचारायला येईल याची वाट बघत बसली होती, असं मला वाटलं.

"आजार?" मी विचारलं. "ताप आलता. दुसऱ्या म्हैन्यात. थंडी वाजून." माझी पेन्सिल थांबली. मी हे विसरलो होतो. खरंच विसरलो होतो, की विहिरीचं पाणी पुढं करून मी ते झाकून टाकलं होतं, कोण जाणे. आता सगळं एकदम समोर आलं. तिचं तापलेलं कपाळ, खोलीतला धूर, दवाखान्यातून कागदाच्या पुडीत बांधून आणलेल्या गोळ्या. ती नको म्हणत होती. दिवस गेलेत, आई म्हणती अशात कडू काही घ्यू नये, असं म्हणत होती. मी तिच्या आईच्या अकलेवर हसलो होतो. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का, असं म्हणालो होतो, आणि तिच्या हनुवटीला धरून पाण्याचं भांडं तोंडाला लावलं होतं. त्या गोळ्यांनी झालं का? मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. त्याच गोळ्या घेऊन धडधाकट पोरं झालेल्या दहा बाया मी दाखवू शकतो. कदाचित तापानं झालं असेल, कदाचित कशानंच नाही. पण रकाना तर आहे. "औषध?" मी वाचलं. "गोळ्या," ती म्हणाली. "कडू. धा दिस. मी नगं म्हनत व्हते." मी लिहिलं. पुढचा रकाना मी वाचलाच नाही. मी तक्ता उलटा करून अंगठ्याची डबी काढायला लागलो. "राहिलं की एक," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण जागा कोरी आहे हे दिसत होतं. "काय लिवलंय तितं?"

"औषध कोणी दिलं," मी म्हणालो.

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तक्त्यावर कुठंही नवऱ्याचं नाव लागलं की बाई खाली बघते, आणि सासू, शेजारीण, नाहीतर पोर ते सांगतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मी आपोआप झुंबरबाईकडे पाहिलं. ती बोलायला लागलीच होती. "आगं बया, ह्यांनीच की, आनखी कोन..." मुक्तानं हात वर करून आईला थांबवलं. आमच्या लग्नात बायकांनी दार अडवून तिला नाव घ्यायला लावलं होतं, तेव्हा ती पदरात तोंड घालून असं काही पुटपुटली होती की मला ते ऐकूही आलं नव्हतं. त्यानंतर कधीच नाही. खोलीत मला हाक मारायची झाली तरी ती भांडं वाजवायची. हौशीरामाचे हात दाव्यावर थांबले. मुक्ता माझ्या डोळ्यांत सरळ बघत होती.

"महिपती केदारी," ती म्हणाली. "लोनावळ्याचा. देवी टोचतो त्यो." आणि थोडं थांबून, "लिवा."

त्या क्षणी मला कळलं की ही आता परत यायची नाही. मी लिहिलं. तिनं स्वतःच डबी उघडली, अंगठा शाईत दाबला, तक्ता माझ्या मांडीवरून ओढून घेतला आणि माझ्या नावाच्या खाली, जागा शोधून, तो नीट उमटवला. मग उठली आणि पुढच्या बाईला बोलवायला गेली.